कीर्द, खतावणी आणि लिनक्सचे लॉग

लिनक्सवर काम करणाऱ्या मंडळींची काही भांडणं पिढीजात असतात. व्हीआय चांगला की ईमॅक्स, टॅब द्यावा की स्पेस. या भांडणांत कुणाचं काही बिघडत नाही. चहा संपला की भांडण संपतं. पण एक भांडण असं आहे की त्याच्या निकालावर कधीकधी कुणाची तरी नोकरी अवलंबून असते, आणि माझ्या मते नेमक्या त्याच भांडणात दोन्हीकडचे लोक मूळ मुद्दा बाजूला ठेवून भांडतात. ते म्हणजे मशिनचे लॉग साध्या मजकुरात ठेवायचे की बायनरीत.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉग म्हणजे मशिनने स्वतःबद्दल लिहिलेली रोजनिशी. कोण किती वाजता आत आलं, कुठला प्रोग्राम सुरू झाला, कुठला मेला, डिस्क कधी कुरकुरली, सगळं त्यात येतं. सगळं सुरळीत चालू असताना या रोजनिशीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. काहीतरी फुटलं की मात्र सगळ्यांना आधी तीच आठवते. म्हणजे लॉग वाचणारा माणूस बहुतेक वेळा घाईत, झोपमोड झालेला आणि कुणाच्या तरी शिव्या खात असलेला असतो. लॉग कसा असावा हे ठरवताना एसीत बसलेला माणूस डोळ्यासमोर ठेवू नका, हा माणूस ठेवा.

युनिक्सच्या जगात ही रोजनिशी मजकुरात असायची. १९८०च्या दशकात बर्कलीला एरिक ऑलमन यांनी सेंडमेल हा टपाल पोचवणारा प्रोग्राम लिहिला, त्याच्याच पोटातून सिसलॉग निघालं आणि मग बाकीचे प्रोग्रामही तेच वापरायला लागले. एक घटना, एक ओळ. तारीख, वेळ, मशिनचं नाव, प्रोग्रामचं नाव आणि पुढे जे काय म्हणायचं असेल ते. फाइल उघडा, वाचा. ग्रेप मारा, सापडेल. याचे नियम कुठेतरी लिहून ठेवावेत असंही बरीच वर्षं कुणाला वाटलं नाही. आरएफसी ३१६४ आलं ते २००१ साली, आणि तेसुद्धा 'लोक साधारण असं असं करतात' एवढंच सांगणारं.

मग नोव्हेंबर २०११ मध्ये लेनार्ट पोएटरिंग आणि काय सिव्हर्स या दोघांनी सिस्टिमडीचा भाग म्हणून 'जर्नल' जाहीर केलं आणि ठिणगी पडली. सिस्टिमडीवर लोक आधीच खवळलेले होते, त्यात ही बायनरी फाइल. ती उघडायला जर्नलसीटीएल नावाचा त्यांचाच प्रोग्राम लागणार. फाइलची पहिली आठ अक्षरं बघितलीत तर एलपीकेएसएचएचआरएच अशी आहेत, पहिल्या चार अक्षरांत या दोघांची आद्याक्षरं सहज दिसतात. (देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असतं तसं. मला हे आवडतं, खोटं कशाला बोला.) फाइलची रचना लिहून जाहीर करायचा सुरुवातीला त्यांचा विचार नव्हता, नंतर आरडाओरड झाल्यावर ती लिहिली गेली. पुढे डिसेंबर २०१३च्या फेडोरा २० मध्ये मजकुराचा सिसलॉग आपोआप बसणं बंद झालं. २०१४च्या रेड हॅट ७ ने दोन्ही ठेवले. डेबियनमध्ये सिस्टिमडी एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे आठव्या आवृत्तीत आलं, तरी मजकुराचे लॉग सोबत चालूच होते. जून २०२३च्या डेबियन १२ मध्ये मात्र आरसिसलॉग आपोआप बसत नाही. आज नवीन डेबियन टाकलंत तर जुन्या सवयीने जिथे सिसलॉगची फाइल शोधायला जाल तिथे ती नसते.

आता जर्नलच्या बाजूने जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण मजकुरवाले ते कधी करत नाहीत.

जुन्या सिसलॉगच्या ओळीत वर्ष नसतं. थट्टा नाही. महिना, दिवस, वेळ, संपलं. गेल्या जानेवारीची ओळ की यंदाच्या, हे तुम्ही फाइलच्या नावावरून ओळखायचं. वेळ इथली की लंडनची तेही नाही. त्याहून वाईट म्हणजे त्या ओळीत प्रोग्रामचं जे नाव लिहिलेलं असतं ते प्रोग्रामने स्वतः सांगितलेलं असतं. मशिनवरचा कुठलाही साधा युजर लॉगर ही कमांड वापरून 'मी एसएसएच बोलतोय, अमुक माणूस आत आला' अशी ओळ घुसवू शकतो. जर्नलमध्ये तसं चालत नाही. तिथे प्रत्येक नोंदीला काही रकाने असे असतात की ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतात, कर्नलकडून मिळालेल्या माहितीवरून जर्नल स्वतः भरतं. नाव काहीही सांग बाबा, पण तुझा प्रोसेस नंबर हा, तुझा युजर हा. या रकान्यांची नावं अंडरस्कोअरने सुरू होतात आणि ती खोटी पाडता येत नाहीत. शिवाय मागच्या बूटच्या नोंदी वेगळ्या काढा, एकाच सर्व्हिसच्या काढा, दोन वेळांमधल्या काढा, सगळं एका कमांडीत. हे काम ग्रेप, ऑक आणि पाच पाइप जोडून केलेल्या माणसाला त्याची किंमत कळते.

आणि 'युनिक्समध्ये लॉग नेहमी मजकुरातच होते' हेही खरं नाही. कोण कधी लॉगिन झालं याची डब्ल्यूटीएमपी ही फाइल कायम बायनरीच होती आणि ती वाचायला लास्ट ही कमांड लागायची. गंमत बघा, याच फाइलचं पुढे काय झालं ते माझ्या बाजूचा पुरावा आहे. तिच्यात वेळेसाठी ३२ बिटांचीच जागा, ती १९ जानेवारी २०३८ला भरते. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने लास्ट आणि लास्टबी या कमांडी युटिल-लिनक्स पॅकेजातून काढून टाकल्या, त्याजागी एसक्यूलाइटमध्ये लिहिणारं नवीन साधन दिलं. ते वेगळं टाकून घ्यावं लागतं आणि जुनी फाइल त्यात आयात करून घ्यावी लागते. निर्णय योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण तीस-पस्तीस वर्षं 'ही कमांड तर सगळीकडेच असते' म्हणत होतो, ती गेली.

मग मी कुठल्या बाजूचा? सांगतो, पण त्यासाठी जरा बाजारात जाऊन येऊ.

माझं ऑफिस तुर्भ्याला एमआयडीसीत. रेल्वेच्या पलीकडे एपीएमसीचा घाऊक बाजार, कांदा-बटाट्यापासून मसाल्यापर्यंत. तिथल्या जुन्या पेढ्यांवर अजूनही एखादे दिवाणजी लाल कापडी बांधणीची वही घेऊन बसलेले दिसतात. बाजूला टॅली असलं तरी. ज्यांनी अकरावी-बारावीला कॉमर्स केलंय त्यांना आठवेल, हिशेबाच्या वह्या मुळात दोन. एक कीर्द, म्हणजे रोजकीर्द. व्यवहार झाला की त्याच क्रमाने तिथे लिहायचा. सकाळी नऊला ट्रक आला, सव्वानऊला हमाली दिली, साडेनऊला माल गेला. दुसरी खतावणी. तिच्यात तेच व्यवहार खात्याप्रमाणे उतरवलेले. अमक्या शेतकऱ्याचं पान, तमक्या गिऱ्हाइकाचं पान. 'या माणसाकडून येणं किती' हे विचारलं तर कीर्द चाळत बसलात तर संध्याकाळ होईल, खतावणीत एका मिनिटात सापडतं.

पण खतावणी जळाली, भिजली, तर कीर्दीवरून परत लिहून काढता येते. उलटं जमत नाही. म्हणून कीर्द ही मूळ नोंदीची वही आणि खतावणी ही सोयीची.

आता गंमत अशी की कॉमर्सच्या पुस्तकात जर्नल म्हणजे रोजकीर्द. सिस्टिमडीवाल्यांनी नाव कीर्दीचं घेतलं आणि बांधली खतावणी. म्हणजे त्या एका फाइलीत नोंदीही आहेत आणि प्रत्येक रकान्यानुसार सूचीही आहे, आणि दोन्ही एकमेकांत इतकी गुंतलेली की वेगळी काढता येत नाहीत. एकच मजकूर पाचशे वेळा आला तर तो एकदाच साठवतात आणि पाचशे नोंदी त्याच्याकडे बोट दाखवतात. फार हुशारीचं काम आहे. खतावणी म्हणून मला जर्नल मनापासून आवडतं. माझा आक्षेप एवढाच आहे की खतावणी लिहायला लागलो म्हणून कीर्द लिहायची बंद करू नका. डेबियन १२ मध्ये आपोआप जे होतं ते हेच आहे.

'काय फरक पडतो, जर्नलसीटीएल आहे ना' असं म्हणणाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगतो.

तुर्भ्यात एमआयडीसीच्या पट्ट्यात कोल्ड स्टोरेज बरीच आहेत. त्यातल्या एकात, नाव नको, खोल्यांचं तापमान नोंदवणारं एक छोटं लिनक्सचं मशिन होतं. तापमान वर गेलं की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. एका रात्री एका खोलीचं तापमान वर गेलं, भोंगा वाजलाच नाही, आणि सकाळपर्यंत मालाची वाट लागली. रात्रपाळीला जो ऑपरेटर होता, पन्नाशीचा माणूस, सगळे त्याला मामा म्हणायचे, त्याच्यावर सगळं आलं. कॅमेरे बसवणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं की कुणीतरी हाताने भोंग्याचा प्रोग्राम बंद केल्याशिवाय असं होणार नाही. शेठचं ठरलंच होतं. "झोपायचं असेल, म्हणून बंद केला असणार." मामा एवढंच म्हणत होते, "साहेब, मी त्या डब्याला हात पण नाही लावला."

मला बघायला बोलावलं तेव्हा ते मशिन उठत नव्हतं. सकाळी घाबरून कुणीतरी सरळ वायर उपटली होती. म्हणून त्यातली एसएसडी काढून तिथल्याच ऑफिसातल्या पीसीला लावली. मशिनवर होतं डेबियन १२, पीसीवर उबंटू २०.०४. जर्नलसीटीएलला फाइल दाखवली तर उत्तर काय, की या फाइलीत मला न समजणारी सोय वापरली आहे, मी ही फाइल सोडून देतोय. झालं. कारण अगदी सरळ आहे: जर्नलच्या फाइलची रचना अधूनमधून बदलते. सिस्टिमडी २४६ ने नवीन कॉम्प्रेशन आणलं, २५२ ने आणखी आटोपशीर रचना आणली. नवीन साधन जुन्या फाइली वाचतं, पण जुनं साधन नवीन फाइली वाचत नाही. त्या पीसीवरचं सिस्टिमडी होतं २४५.

मग स्ट्रिंग्ज चालवून बघितलं, म्हणजे बायनरीतून अक्षरं दिसतील तेवढी गाळून घ्यायची. दिसलं की! मेमरी संपली म्हणून कर्नलने एक प्रोसेस मारली, अशी ओळ आणि भोंग्याच्या प्रोग्रामचं नाव. पण ती ओळ किती वाजताची? कालची की गेल्या महिन्यातली? ते कळायला मार्ग नाही, कारण नोंदीची वेळ बायनरी आकड्यात दुसरीकडे ठेवलेली आणि मजकूर दुसरीकडे. शेठला स्क्रीन दाखवली तर ते म्हणाले, "ह्याच्यात मला काय दिसतंय? तुम्ही सांगताय म्हणून मानायचं का?" आणि त्यांचं बरोबर होतं हो. मला तरी कुठे दिसत होतं!

मोबाइलच्या नेटवरून नवीन लाइव्ह इमेज उतरवायला, पेन ड्राइव्हवर टाकायला आणि त्यावरून पीसी चालू करायला दीड तास गेला. तेवढ्या वेळात कंत्राटदाराला फोन झाला होता, उद्यापासून दुसरा माणूस पाठवा म्हणून. मामा बाहेर लोडिंगच्या धक्क्यावर बसून होते.

फाइल उघडल्यावर मात्र जर्नलने जे दाखवलं ते नुसत्या मजकुराच्या लॉगने इतकं ठामपणे दाखवलं नसतं. ०१:१२ला कर्नलने मेमरी संपल्याची नोंद केली. लगेच पुढची नोंद सिस्टिमडीची, की भोंग्याच्या सर्व्हिसमधली प्रोसेस ओओएम किलरने मारली. लिहिणारा प्रोसेस नंबर १, म्हणजे खुद्द सिस्टिमडी. कुठल्याही माणसाचं लॉगिन त्या रात्री नव्हतंच. मेमरी खाणारा प्रोग्राम कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचा. मी त्या चाळीसेक ओळी साध्या मजकुरात काढून प्रिंट मारली. शेठने बोट ठेवून ओळ ओळ बघितली. मामांना इंग्रजी येत नाही, पण ०१:१२ वाचता येतं. ते म्हणाले, "त्या टायमाला तर मी गेटवर होतो, गाडी आली होती." गेटचं रजिस्टर आणलं, त्यात एक वाजून पाच मिनिटांनी आलेल्या ट्रकची नोंद त्यांच्याच हातची. दोन कागद शेजारी शेजारी. विषय संपला. मामा कामावर राहिले, कॅमेरावाल्याचं बिल अडकलं.

या प्रसंगावरून 'बघा, बायनरी वाईट' किंवा 'बघा, जर्नल किती छान' यातलं काहीही म्हणता येईल. मला त्यात वेगळंच दिसतं. भांडण मिटलं ते कागद दोन्ही बाजूंना वाचता आला तेव्हा. बाजारात शेतकऱ्याला मालाची पट्टी मिळते ना, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती कापली? ती पट्टी त्याला वाचता येते म्हणून तिला अर्थ आहे. अडत्याच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं अगदी बरोबर असलं तरी 'ये, मी तुला दाखवतो' यात आणि पट्टी हातात असण्यात फरक आहेच. लॉग हा इंजिनिअरच्या सोयीचा असतो तोवर फॉर्मॅट काहीही चालेल. तो दोन माणसांमधला पुरावा झाला, की ज्याच्यावर आळ आहे त्याला तो आपल्यावाचून वाचता यायला हवा.

यावर हुशार लोक म्हणतात, अहो पण मजकूर हीसुद्धा शेवटी बायनरीच. आस्की नावाची किल्ली सगळ्यांकडे आहे म्हणून तुम्हाला ती अक्षरं दिसतात. अगदी मान्य! आणि हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको. युनिकोड रुळायच्या आधी टाइप केलेल्या मराठीच्या फाइली तुमच्याकडेही असतील. मजकूरच तो, पण शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फाइल शाबूत, डिस्क शाबूत, अर्थ गेला. लग्नपत्रिका काय आणि दिवाळी अंकांचे जुने मजकूर काय, कितीतरी गोष्टी अशा अडकून पडल्यात. तेव्हा मजकूर आणि बायनरी यातला फरक जातीचा नाही, किल्ली किती लोकांकडे आहे आणि ती किती वर्षं टिकणार याचा आहे. आस्की १९६३चं आहे आणि आजही चालतं. जर्नलची किल्ली तीन वर्षांत लागेनाशी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरा एक दावा नेहमी ऐकू येतो, की बायनरी लॉग जास्त सुरक्षित. हा मला अजिबात पटत नाही. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तेव्हा इथून फार लांब नाही, जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल त्यात सापडलं होतं. कंटेनर अडकून पडले, सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. तो व्हायरस विंडोजवरचा. विंडोजचे इव्हेंट लॉग पक्के बायनरी. आणि तो व्हायरस आपलं काम करून जाताना विंडोजचीच एक कमांड चालवून ते लॉग साफ पुसून टाकायचा. मशिनचा मालक झालेल्या चोराला फाइल मजकुराची आहे की बायनरी, काडीचा फरक पडत नाही. जर्नलमध्ये दर १५ मिनिटांनी मोहोर मारायची सोय आहे, म्हणजे मागचं कुणी खाडाखोड केली तर कळावं. कल्पना चांगली आहे. पण तपासणीची किल्ली मशिनबाहेर ठेवावी लागते आणि इतक्या वर्षांत ती सोय चालू केलेलं मशिन माझ्या पाहण्यात एकही नाही. शिवाय पुसलेलं पुसलंच गेलं, खाडाखोड कळली तरी मूळ मजकूर परत येत नाही.

यावर उपाय जुनाच आहे: नोंदीची प्रत लगेच दुसरीकडे पाठवायची, जिथे या मशिनवरच्या चोराचा हात पोचणार नाही. क्लिफर्ड स्टोल यांनी १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत घुसलेल्या हॅकरला पकडलं ते कसं, तर बाहेरून येणाऱ्या लायनींना प्रिंटर जोडून. हॅकर मशिनमधलं सगळं पुसू शकत होता, खोलीतल्या कागदावर उमटलेली अक्षरं कशी पुसणार? त्यांचं 'द ककूज एग' हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

कोर्टकचेरीचं म्हणाल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्याच्या कलम ६३ खाली संगणकातला पुरावा देताना जे प्रमाणपत्र जोडायचं, त्यात हॅशही लिहायचा असतो. हॅश मजकुराच्या फाइलचाही निघतो, बायनरीचाही निघतो. तिथेही बायनरीला जास्तीचे मार्क नाहीत.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी आपल्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस राखायचे आहेत, तेही भारतातच. आता जर्नलला काही सांगितलं नाहीत तर तो डिस्कच्या १० टक्के किंवा ४ जीबी, यातलं जे कमी असेल तेवढंच ठेवतो आणि जुनं गुपचूप फेकतो. रेड हॅट ७ सारख्या सिस्टिमवर तर लॉगच्या फोल्डरात जर्नल नावाचं फोल्डर नसेल तर जर्नल नुसतं मेमरीत राहतं, मशिन रीस्टार्ट झालं की पाटी कोरी. म्हणजे ज्या बिघाडाने मशिन रीस्टार्ट झालं त्याचीच नोंद गायब. अर्थात मजकुराची बाजू इथे फार वर नाही, लॉगरोटेटची नेहमीची मर्यादा चार आठवड्यांची असते. दोन्हीकडे हाताने आकडे घालावे लागतात. तुर्भे-रबाळे पट्ट्यातल्या लहान कंपन्यांत किती जणांनी घातलेत, जाऊन बघा. मी बघितलंय, म्हणून म्हणतो.

आता मी स्वतः काय करतो ते. जर्नल बंद करत नाही. रोजचं शोधकाम त्यावरच, आणि त्यासाठी परत ऑककडे जायची माझी तयारी नाही. पण नवीन मशिन हातात आलं की आधी आरसिसलॉग टाकतो. डेबियनमध्ये एक कमांड आहे, चहा उकळायच्या आत होतं. डेबियन १२ पासून त्यात वेळही पूर्ण लिहून येते, वर्ष आणि टाइमझोनसकट, म्हणजे जुन्या सिसलॉगचं मोठं दुखणं गेलं. दुसरं, त्याच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ घालून प्रत्येक नोंद ऑफिसातल्या दुसऱ्या मशिनकडे पाठवतो. एक ॲट लिहिलंत तर युडीपी, दोन लिहिलेत तर टीसीपी. दोन लिहा. एकाने ओळी वाटेत सांडतात आणि सांडल्याचं कळतही नाही. ज्या सर्व्हिसवरून उद्या कुणावर बोट दाखवलं जाऊ शकतं, भोंगा म्हणा, गेट म्हणा, वजनकाटा म्हणा, तिच्या नोंदी जर्नलमधून अंडरस्कोअरवाल्या रकान्यांसकट जेसनमध्ये काढून रोज रात्री त्याच दुसऱ्या मशिनवर ठेवतो. जेसन डोळ्यांना गोड नाही, पण नोटपॅडमध्ये उघडतं.

'दोनदा लिहिल्याने डिस्क खर्च होते' असं आमच्या ऑफिसातला एक तरुण सहकारी म्हणतो. होते. त्या कोल्ड स्टोरेजच्या मशिनचा मजकुराचा लॉग मी नंतर चालू करून दिला. कॉम्प्रेस केल्यावर सहा महिन्यांचा मिळून मोबाइलमधल्या एका व्हिडिओएवढा भरतो.

एक अडचण मात्र उरतेच. पाच-पंचवीस मशिनचे लॉग एका ठिकाणी यायला लागले, की प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आहे हे पहिल्यांदा लक्षात येतं, आणि परिणाम आधी व कारण नंतर असे चमत्कार दिसायला लागतात. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएलच्या घड्याळाशी जुळवून घ्या असंही सांगितलंय. ते प्रत्यक्षात करायला बसलं की काय काय होतं, त्यावर पुढच्या शनिवारी.